जावक क्रमांकाची चिठ्ठी

दोन हजार सहा-सातच्या सुमारास मी औंढ्याच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर ऑपरेटर होतो. कॉलेजचा स्वतःचा मेल सर्व्हर मीच बसवला होता, म्हणून कॉलर जरा ताठच असायची.

तांड्यावरच्या एका मुलीची पुण्याला नर्सिंगसाठी निवड झाली. तिची कागदपत्रं खरी असल्याचं पत्र शनिवारी पाचच्या आत कॉलेजच्याच ईमेलवरून जायला हवं होतं, नाहीतर जागा दुसरीला. बुधवारी मी मेल पाठवला, शिरस्त्याप्रमाणे जावक रजिस्टरात चढवला आणि क्रमांकाची चिठ्ठी तिच्या वडिलांच्या हातात दिली. गेलं पत्र, म्हटलं, आता घोर सोडा.

शुक्रवारी हेडक्लार्क म्हणाले, पुण्याचं उत्तर बुधवारीच आलंय. त्यांनी प्रिंट काढून, आवकचा शिक्का मारून ती फाइलला लावली होती. मी त्यातलं इंग्रजी वाचलं. ते उत्तर नव्हतंच. आमचंच पत्र परत आलं होतं.

कारणही त्यातच लिहिलं होतं. नावावरून आमच्या सर्व्हरचा इंटरनेटवरचा नंबर सापडत होता, पण नंबरावरून नाव सापडत नव्हतं. अशा बिननावाच्या नंबरावरून आलेलं पत्र पुण्याचा सर्व्हर दारातूनच परत पाठवत होता. ती उलटी नोंद करायला मी दोन तास आमच्याच सर्व्हरशी झटलो. मग मला शहाण्याला कळलं, की तो नंबर इंटरनेटची लाइन देणाऱ्या कंपनीचा, तेव्हा नोंदही तिच्याकडेच होणार. तिथला माणूस म्हणाला, अर्ज फॅक्स करा, साहेब आले की बघू.

पुण्याचं काही कळतंय का म्हणून शनिवारी सकाळपासून मुलीचे वडील बाहेरच्या बाकावर येऊन बसले. त्यांना खरं सांगायची माझी हिंमत होईना. पाणी प्यायलासुद्धा मी मागच्या दारानं गेलो. दुपारी नोंद झाली, तरी मेल परत आला. या नंबराला नाव नाही, ही जुनी माहिती पुण्याच्या सर्व्हरनं साठवून ठेवली होती, ती पुसली जायला वेळ लागणार होता. मी दर दहा मिनिटांनी पाठवत राहिलो. साडेचारला मेल परत आला नाही. माझा विश्वास बसेना. पुण्याला फोन लावला, तिथल्या बाईंनी पत्र समोर उघडलंय म्हणून सांगितलं, तेव्हा कुठं मी रजिस्टर ओढलं.

बाहेर जाऊन वडिलांना सगळं कबूल केलं. बुधवारचा क्रमांक खोटा होता, हा नवा घ्या, म्हटलं. त्यांनी खिशातली जुनी चिठ्ठी काढली. घड्यांवर ती फाटायला आली होती.

"हीच राहू द्या सर," ते म्हणाले. "हिच्याच भरवशावर तीन रात्री झोप लागली."

त्यांनी ती परत घडी करून खिशात ठेवली. नवी चिठ्ठी माझ्याच हातात राहिली.