लाकडी विमानाचं दार

चंद्रपूरहून निघतानाच माझं डोकं तापलेलं होतं. सिरोंच्याला जाणाऱ्या मेटॅडोरच्या ड्रायव्हरशी मी भाड्यावरून भांडलो आणि जिंकलो. त्याने सूड म्हणून मला दाराशेजारी बसवलं. दाराला कडी नव्हती, ते सुतळीने बांधलेलं होतं.

"हे सुटलं तर?"

"परत बांधू ना भाऊ. दारापायी कोनी गाडी रद्द करते का?"

नेमक्या त्याच दुखण्यापायी मी निघालो होतो, हे त्याला कुठून माहीत असणार!

मी सुतार. वखार उभी केली ती स्वतःच्या हिमतीवर. काही वर्षांपूर्वी एका विमान कारखान्याने नव्या प्रवासी विमानाचा खऱ्या मापाचा लाकडी नमुना माझ्याकडून करून घेतला. त्याला पंख नव्हते, इंजिन नव्हतं. होत्या फक्त खुर्च्या, खिडक्या आणि दार. दिल्लीचे साहेब पाहायला आले, आत शिरले आणि दार अडकलं. दुसऱ्याच दिवशी विमान रद्द झालं. तेव्हापासून धंद्यातले लोक मला 'दारवाले' म्हणतात. त्या विमानाचा आराखडा काढणारे रामय्या निवृत्त होऊन सिरोंच्यात राहतात असं कळलं. दोष माझ्या दाराचा नव्हता, हे मला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

आलापल्लीच्या आसपास दोन्ही बाजूंना सागवान. इतकं सरळ लाकूड उभं पाहून माझे हात शिवशिवत होते. पुढे एका नाल्यात गाडी रुतली आणि सगळ्यांना उतरून ढकलावी लागली. मी भाड्यात सूट मागितली.

"काऊन?" ड्रायव्हर म्हणाला. "तुमी एकटेच ढकलून राह्यले का? ते बाई पाहा, कडेवर लेकरू घेऊन ढकलून राह्यली. ते काई मागते का?"

बाई हसली. मी परत खांदा लावला.

सिरोंच्यात पाट्या तेलुगू, बोलणं तेलुगू, आणि नदीचं पात्र डोळ्यांत मावत नाही एवढं. रामय्या लुंगी नेसून अंगणात मासा साफ करत होते. मी नाव सांगितलं. ते मासा खाली ठेवून म्हणाले, "कूर्चोंडी (बसा). आधी जेवा."

भातावर चेपल पुलुसू (माशांचं चिंचेतलं आंबट कालवण) आलं. मी दोन घास गिळले आणि विचारलं, "विमान रद्द का झालं?"

"कोणतं? मी तीन काढली. एकही उडालं नाही." पहिल्यासाठी ठरवलेलं इंजिन परदेशी कंपनीने मध्येच बंद केलं. दुसरं छोट्या गावांसाठी होतं. प्रत्येक कचेरीने त्यात चार-दोन खुर्च्या वाढवल्या. शेवटी त्याला एवढी लांब धावपट्टी लागायला लागली, की ते त्या गावांत उतरूच शकलं नसतं. "आणि तिसरं तुमचं. नमुना तयार होईपर्यंत वरच्यांनी बाहेरचं तयार विमान पसंत केलं होतं."

"मग दाराचा दोष किती? रुपयात चार आणे?"

"काहीच नाही."

"दोन आणे तरी?" सवयीने माझ्या तोंडून गेलं. "मग अडकलं कसं?"

त्यांनी माझ्या ताटात आणखी एक तुकडा वाढला. "अडकलं नव्हतं. आत येताच साहेब म्हणाले, रामय्या, हे रद्द. त्यांनी माझं ऐकून घेतल्याशिवाय मला त्यांना सोडायचं नव्हतं. मी आतून खटका धरून ठेवला."

मी उष्ट्या हातानेच उठलो. असा ओरडलो, की नदीवर जाळी वाळवणारे लोक वळून बघायला लागले. "आणि लोक मला दारवाले म्हणतात, त्याचं काय?"

"बाहेरून चौघं ओढत होते," ते शांतपणे म्हणाले. "हललं नाही. चांगलं दार होतं."

यावर घासाघीस होत नाही. मी परत बसलो.

"ऐकलं का साहेबांनी?"

"सगळं ऐकलं. तुमच्या खिडकीतून बाहेर बघत. बाहेर फक्त कारखान्याची भिंत होती."

परतताना तीच मेटॅडोर मिळाली आणि तीच जागा. या वेळी मी भाड्यावरून भांडलो नाही, म्हणून ड्रायव्हरने माझ्याकडे संशयाने पाहिलं. जे विमान कधी जमिनीवरून उठलंच नाही, त्यात कोणीतरी आपलं म्हणणं संपेपर्यंत दार धरून बसलं होतं. मी केलेल्या कुठल्याच दाराच्या नशिबी एवढं काम आलं नव्हतं. जंगलात सुतळी तुटली. मी दार ओढून घट्ट धरलं.

"सोडा भाऊ," ड्रायव्हर म्हणाला, "पडत नाई ते."

आलापल्ली येईपर्यंत मी सोडलं नाही.