झुलालची मशीन आणि भिकू अक्काची हळद

पारोळ्यात झुलालचा धंदा मिक्सिंगचा. म्हणजे लग्नाचं शूटिंग आणायचं, त्यातले मामा-काकांचे रुसवे, जेवणावळीतले उघडे जबडे आणि कॅमेरावाल्याचा स्वतःचा अंगठा कापून टाकायचा, मागे गाणी लावायची आणि सलग पिक्चर करून द्यायचा. हात चांगला होता त्याचा. फक्त हळू होता. गावात म्हण पडली होती की झुलालकडे लग्न दिलं की बारशाला बघायला मिळतं. दोन-तीन घरी ते खरंही झालं होतं, त्यामुळे त्याला उलटून बोलता येत नसे.

मशीन त्याच्याहून हळू. धुळ्याच्या एका कॉलेजनं भंगारात काढलेला डेस्कटॉप. तिथेच कॉम्प्युटर शिकवणाऱ्या सुलक्षणानं, म्हणजे दहावीपर्यंत त्याच्याच वर्गात असलेल्या सुलूनं, तो त्याला मिळवून दिला होता. विंडोज त्यावर दम खात चालायचं, म्हणून तिनंच लिनक्स टाकून दिलं. "फुकट आहे, हलकं आहे आणि तुझ्यासारखंच कुरकुर करत नाही," ती म्हणाली होती. तेव्हापासून झुलाल गिऱ्हाइकांना ऐटीत सांगायचा की आपल्याकडे लिनक्स आहे. गिऱ्हाइकाला वाटायचं, कॅमेऱ्याची कंपनी असेल.

मागच्या थंडीत, बारशाचा टोमणा जरा जास्तच लागल्यावर, झुलालनं मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. प्रोसेसर काम बघून वेग कमी-जास्त करतो, पण त्याला 'परफॉर्मन्स'वर टाकलं की तो कायम पूर्ण वेगानं धावतो, असं त्यातला पोरगा सांगत होता. मशीन चालू झाली की हे आपोआप व्हावं म्हणून चार ओळींची एक फाइलही त्यानं दिली होती. झुलालनं ती जशीच्या तशी टाकली. मशीन पळाली. तुळशीच्या लग्नानंतरची सगळी लग्नं वेळेत गेली, एक तर नवरी माहेरी परतायच्या आत. लोकांनी अचंबा केला. झुलाल ती फाइल विसरून गेला आणि कौतुक तेवढं लक्षात ठेवलं.

मग अभिमन नानाच्या लेकीचं, दिपमालाचं लग्न आलं.

नानाची आई भिकुबाई. गल्लीत सगळ्यांची भिकू अक्का. हळदीची अहिराणी गाणी तिच्या तोंडपाठ. गल्लीतल्या एकाही नवरीला तिच्या गाण्याशिवाय हळद लागलेली नव्हती. झुलालच्या आईलासुद्धा नाही. आणि स्वतःच्या नातीच्या मांडवाआधी अक्का मोरीत घसरली. खुब्याचं हाड मोडलं. धुळ्याच्या दवाखान्यात पडल्यापडल्या तिनं मुलाला एवढंच सांगितलं, "मन्हाकरता लगीन थांबाडू नका." तिच्यासाठी लग्न थांबलं नाही. अक्का घरी आली, पण गप्प झाली. पायाचं विचारलं तर बरं आहे म्हणायची. गाण्याचं विचारलं तर भिंतीकडे तोंड करायची.

"आखाजीला दिपू येईल," नाना दुकानात येऊन म्हणाला होता. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, लेकींच्या माहेरपणाचा सण. "अक्काला तिच्याजवळ बसवून हळद दाखवायची आहे. पोरीला सासरचे दोनच दिवस सोडतायत. तेवढं जमव झुलाल. बारशाचं नाव काढू नकोस."

झुलालनं काढलं नाही. पिक्चर जुळवून झाला, आखाजी तोंडावर आली आणि त्यानं सगळं रेंडरला टाकलं. म्हणजे तुकडे सांधून एकच फाइल बनवायचं काम मशीनला दिलं. बाहेर वैशाखाचं ऊन, कुत्रीसुद्धा गटारीत बसलेली. मशीन घोंगावत राहिली आणि अर्ध्यावर कुणी बोट लावल्यासारखी बंद पडली. पुन्हा चालू केली, पुन्हा तेच. व्होल्टेजचा घोळ समजून त्यानं शेजारच्या झेरॉक्सवाल्याचा स्टॅबिलायझर आणला. मशीन स्टॅबिलायझरसकट बंद पडली. मग त्यानं डब्याला हात लावला आणि तव्यावरून काढावा तसा काढून घेतला.

सुलूला फोन लावला.

"उघड," ती म्हणाली. "पंखा दिसतोय?"

"पंख्याखाली गादी दिसतेय."

दुकान जिनिंगच्या वाटेवर. वर्षभराचा कापूस पंख्याखाली बसला होता. रंगाच्या ब्रशनं त्यानं तो काढला; एक वात वळता आली असती.

"आता त्याचा वरचा वेग बांधून टाक," सुलू म्हणाली आणि कमांड सांगितली. "याच्या वर जायचं नाही, असं सांगायचं त्याला. वेळ दुप्पट लागेल, पण मरणार नाही. म्हातारं झालंय ते झुलाल, त्याला उन्हात पळवतोस कशाला?"

झुलालनं वेग बांधला. नव्वदीच्या वर गेलेलं तापमान सत्तरीला आलं. रेंडर मुंगीच्या पावलानं निघालं. तो मागच्या खोलीत जेवायला गेला आणि आईला, बेबाबाईला, म्हणाला की मशीन तापते, तेवढीच काळजी आहे. एवढं बोलून तो आडवा झाला.

उठून पाहतो तर मशीन थंडगार आणि बंद. डब्याला चारी बाजूंनी ओलं गोणपाट गुंडाळलेलं, वरून सुतळी बांधलेली. शेजारी माठ होता, तो उघडा पडला होता.

"माय, हाई काय करं?"

"तू बोलना ना, ती तपस. माठले गुंडाळतस तशी गुंडाळी दिधी."

"माय, हाऊ माठ नई शे. याले हवा लागस. आनि करंट लागता तुले."

"मंग आधी सांगता येस नई?" बेबाबाई म्हणाली. गोणपाट सोडून तिनं पुन्हा माठाला गुंडाळलं. पण जाता जाता पदरानं डबा पुसून गेली, आजारी लेकराचं कपाळ पुसावं तसा.

झुलालनं तारा काढून डबा पंख्यापुढे वाळवला. नशीब, हवा कोंडून नुसती बंद पडली होती, पाणी आत गेलं नव्हतं. पुन्हा चालू केला, रेंडर लावलं. काम भराभर पुढे जायला लागलं तेव्हा त्याला बरंच वाटलं. गोणपाटाचा गुण आला की काय, असंही क्षणभर वाटून गेलं. मग पंखा किंचाळला आणि पडदा काळा झाला.

आता मात्र तो बोटांवर दिवस मोजायला लागला. उद्या दिपमाला येणार, परवा आखाजी, तेरवा ती जाणार. अक्का पुन्हा भिंतीकडे तोंड करणार.

"मी वेग बांधला होता," तो फोनवर सुलूशी जवळजवळ भांडलाच. "तू सांगितलास तसाच बांधला."

"मशीन बंद होऊन चालू झाली की ते बांधलेलं सुटतं. मी सांगायचं राहिलं," सुलू म्हणाली. "पण सुटून ती आपल्या चालीनं चालायला हवी. एवढी पिसाळते कशी? चालू होताना काही चालतंय का तिथे? कुणी टाकलंय का काही?"

झुलालनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मीच टाकलंय," तो म्हणाला. "थंडीत."

"व्हिडिओ बघून?"

"हो."

"आणि प्रत्येक वेळी चालू झाल्याबरोबर ती फाइल बिचाऱ्याला म्हणतेय, पळ."

"लोक बारशाचं बोलायचे ना गं."

सुलू हसणार होती, हसली नाही. तिनं ती फाइल बंद करायला लावली आणि तिच्या जागी दुसरी लिहून दिली: चालू झाल्याबरोबर वेग बांध. मग म्हणाली, "अख्खं लग्न एका दमात कशाला मागतोस त्याच्याकडे? तुकडे कर. जे आधी लागतं ते आधी दे."

आधी काय लागतं, हे मात्र झुलालला फोन ठेवल्यावर एकट्याला ठरवायचं होतं. नानाला ड्रोनवाला भाग प्यारा होता. नवरदेवाकडच्यांना घोडा हवा होता. झुलालनं फक्त हळद रेंडरला टाकली.

दुसऱ्या दिवशी नाना आला, तेव्हा मशीन कुजबुजल्यासारखी चालू होती आणि झुलाल शेजारी वर्तमानपत्र वाचत होता.

"झालं का?"

"चाललंय नाना."

"कुठं चाललंय? बंद दिसतंय."

"हळू आहे. पण मधेच पडत नाही."

"म्हणजे तुझ्यावर गेलं," नाना म्हणाला. झुलालनं पान उलटलं. दिवसभर त्यानं माउसला हात लावला नाही. एरवी दर पाच मिनिटांनी रेंडर किती झालं ते बघायची त्याला खोड होती. बेबाबाई मात्र दोनदा येऊन डब्याला हात लावून गेली.

आखाजीला नानाच्या घरी आमरसाची जेवणं झाली. पोरी निंबाच्या झोक्याकडे पळाल्या, दिपमाला मात्र आजीच्या खाटेवर बसली. झुलालनं पेनड्राइव्ह टीव्हीला लावला. मांडव दिसला, पाटावर दिपमाला, तिच्याभोवती बायका. गाणं तिच्या चुलत बहिणी म्हणत होत्या, मोबाइलात बघून, एकमेकींच्या तोंडाकडे बघत.

अक्काची नजर पडद्यावरच्या पोरींच्या तोंडांवर होती. नानानं झुलालकडे पाहिलं, झुलालनं जमिनीकडे.

"थांबाड," अक्का म्हणाली.

झुलालनं थांबवलं.

"तिसरी कडी गाळी दिधी तिस्नी."

"तुझ्याशिवाय कुणाला येते अक्का?" दिपमाला म्हणाली. "मी पाटावर बसून वाट बघत होते, आता येईल, आता येईल. आलीच नाही. माझी हळद अर्धीच लागलीय."

अक्कानं नातीचा हात ओढून मांडीवर घेतला. आधी नुसते ओठ हलले. मग ती गाळलेली कडी बाहेर आली, फाटक्या आवाजात, पण चालीवर पक्की. दारातून बेबाबाईनं मागचा सूर धरला. झोक्यावरच्या दोघी-तिघी परत आल्या. टीव्हीवर पडद्यातल्या पोरी तोंड उघडून तशाच थांबलेल्या होत्या.

गाणं संपलं तेव्हा अक्काला झुलालची आठवण झाली.

"बाकीनं कव्हय देशी?"

"देसू अक्का. मशीन हळू चालस."

"चालू दे," अक्का म्हणाली आणि उशी जरा वर सरकवून घेतली. "माले कोठे जानं शे?"