हिलालचे पळायचे बूट

माझा स्वभावच चौकस. शेजाऱ्याच्या पिशवीत काय आहे हे कळल्याशिवाय मला चहा गोड लागत नाही. आमच्या कोसाडच्या कॉलनीतला हिलाल एका संध्याकाळी पोहायचा चष्मा घेऊन घरी आला, तेव्हा मी लगेच त्याच्या दारात हजर.

हिलाल पंचेचाळिशीचा, मूळचा पारोळ्याकडचा. बावीस वर्षं सचिन गावातल्या कापड कारखान्यात माग चालवतो. "ट्रायथलॉन करस मी," तो म्हणाला. आधी पोहायचं, मग सायकल, मग पळायचं. नवशिक्यांनी सगळं मिळून सव्वा तासात संपवायचं.

"पण कशाला रे बाबा?"

गेल्या वर्षी तो तापाने दोन महिने अंथरुणाला खिळला होता. परत कामावर गेला तर जोडीदार त्याला सूत गुंडाळलेले जड बीम उचलू देईनात. "हाई अंग आजून मनंच शे का, तेवढं देखनं शे," तो म्हणाला. अंग अजून आपलंच आहे का, एवढंच त्याला पाहायचं होतं. मला चेष्टा सुचली नाही.

मग सामानाच्या मागे मीच जास्त लागलो. मोबाइलवर थंड पाण्यात पोहायचा रबरी पोशाख दिसला. "आपलं पाणी कोमट, तो कशाले?" म्हणत त्याने तो बाद केला. पोहायच्या चड्डीचं कापड त्याने चिमटीत धरून ताणलं, उजेडात पाहिलं आणि दुकानदारालाच त्यातला धागा समजावून सांगितला. चष्मा पट्टा न लावता डोळ्यांवर दाबून पाहायचा. चिकटून राहिला तर घ्यायचा. सायकल घरचीच, ब्रेक तेवढे नवे. हेल्मेटशिवाय मात्र सायकलला हात लावायचा नाही. आणि बूट संध्याकाळी घ्यायचे, कारण दिवसभरात पाय फुगतात. या गड्याला स्वतःच्या पायाचा नंबरच माहीत नव्हता! जन्म चपलांत गेलेला.

स्पर्धेच्या रविवारी तो तलावातून मजेत बाहेर आला. हेल्मेट घातलं आणि बुटांची सवयच नसल्याने अनवाणीच सायकलवर बसून गेला. परतला तेव्हा वीस मिनिटं उरली होती. पळायला बूट सक्तीचे. त्याने टॉवेल उचलला, पिशवी उलटी केली, पण बूट कुठेच नाहीत.

सामान ठेवायच्या आवारात सकाळी स्वच्छ हिरवी चटई अंथरलेली होती. कारखान्यात मागांच्या खोलीत शिरताना चपला दाराबाहेर काढायच्या, कापडाला डाग लागू नये म्हणून. बावीस वर्षांची ती सवय. हिलालने बूट आवाराच्या फाटकाबाहेर काढून ठेवले होते.

त्याची बायको प्रमिलाबाई कुंपणाजवळच होती. तिने धावत जाऊन बूट उचलले आणि त्याच्याकडे पुढे केले. "बाई, तुम्ही हातात दिलेत तर ते स्पर्धेतून बाद!" पंच ओरडला.

डबा, टॉवेल, तापातलं औषध, या माणसाला सगळं प्रमिलाबाईनेच हातात दिलेलं. तिने बूट होते तिथेच ठेवले आणि हात पाठीमागे घट्ट धरले. हिलाल दगडांवरून लंगडत फाटकापर्यंत आला, खाली बसला. घामाने ओल्या बोटांना बुटाची नाडी सापडेना. प्रमिलाबाई दोन हातांच्या अंतरावर उभी राहून नुसती रडत होती.

वेळ संपायला दीड मिनिट असताना त्याने शेवटची रेघ ओलांडली.

"वीस वरीसमा इतलं जड काम कधी करं नही मी," ती मला डोळे पुसत म्हणाली.

सोमवारी कामावर निघताना हिलालने डबा स्वतः भरून घेतला. ती दारात उभी राहून पाहत होती.