ताईंची नळी आणि माझी डबी

इथे आखातात, मुऐदरला ज्या घरी मी स्वयंपाकाला आहे, तिथल्या ताई सिगारेट ओढतात हे मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं. कपडे मीच धुते. वास ओढणीत राहतो. मी कधी काही बोलले नाही. दुसऱ्याच्या घरातलं दिसलं तरी बघायचं नाही, एवढी अक्कल मला होती.

लग्नाला सात वर्षं झाल्यावर ताईंना दिवस गेले. त्यांनी सिगारेटचं पाकीट माझ्यासमोर कचऱ्यात टाकलं. चार दिवसांनी मी गच्चीवर वाळलेले कपडे काढायला गेले, तर त्या पाण्याच्या टाकीमागे उभ्या होत्या. हातात पेनासारखी नळी, तोंडातून पांढरी वाफ, आणि आंब्याचा वास.

"मावशी, यांना सांगू नका हं. इथे याला बंदी आहे, मैत्रिणीने लपवून आणून दिलीय. सिगारेट एकदम सुटत नाही हो. हिच्यावर निभावते, मग हीपण बंद करते."

"नाही सांगत," मी म्हणाले.

पण मनात म्हटलं, पोटात लेकरू आणि ही बाई वाफा सोडते. त्या दिवसापासून त्यांच्या पोळीला तूप लावतानाही मी स्वतःला त्यांच्याहून चांगली समजत होते.

ताईंच्या सासूबाई पुण्याहून रोज व्हिडिओवर बोलतात. एकदा ताई अंघोळीला गेल्या होत्या, म्हणून फोन मी घेतला.

"काय गं, नीट खाते ना ती?"

"खातात हो आजी. पण..."

"पण काय? बोल की!"

मी सगळं सांगितलं. विचारलं नव्हतं तेही सांगितलं. आजी म्हणाल्या, "तुला कळतं ते आमच्या शिकलेल्या सुनेला कळत नाही बघ." मला फार बरं वाटलं. त्या बरं वाटण्याचीच आता सगळ्यात जास्त लाज वाटते.

संध्याकाळी आजींचा फोन आल्यावर साहेबांनी नळी शोधून काढली आणि हातोडीने फोडली. "खलास," एवढंच म्हणाले. आठवडाही गेला नाही आणि ओढणीला पुन्हा सिगारेटचा वास आला. ती ओढणी मी तीनदा पिळली.

तपासणीच्या दिवशी साहेबांना सुट्टी मिळाली नाही, म्हणून सोबत मी गेले. डॉक्टरीणबाई हिंदीत बोलत होत्या. ताईंनी त्यांच्यापासून काही लपवलं नाही.

"नळीही बाळाला चांगली नाही, ती नुसती वाफ नसते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण सिगारेट त्याहून वाईट. आधी माझ्याकडे आला असतात तर दोन्ही सोडायचा रस्ता काढला असता. परत सिगारेट का धरली?"

"घरात कळलं. नळी फोडली."

"कोणी सांगितलं घरात?"

ताई फरशीकडे बघत राहिल्या. माझ्याकडे त्यांनी मानही वळवली नाही.

"घरात आणखी कोणी तंबाखू घेतं?"

"नाही. मावशी फक्त मिश्री लावतात."

मिश्री म्हणजे काय, ते मला सांगावं लागलं. तंबाखू तव्यावर जाळायची, बारीक करायची, बोटाने दाताला लावायची.

"म्हणजे तंबाखूच."

"नाही हो, दात घासायला असते ती."

"दिवसातून किती वेळा घासता?"

"दोनदा," मी म्हणाले. सहा वेळा लावते मी.

"आणि पोटात मूल होतं तेव्हा?"

तेव्हा तर जास्तच. मळमळ थांबते म्हणून सासूनेच डबी हातात दिली होती. माझी लेक ओंजळीत मावेल एवढी जन्मली. महिनाभर तिला कापसात गुंडाळून ठेवलं. सगळे म्हणाले, आईच्या अंगात रक्त कमी. डबीचं नाव कोणी काढलं नाही. माझ्याही कधी मनात आलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कशामुळे झालं ते आता कोणी सांगू शकणार नाही, पण तंबाखूने मूल लहान राहू शकतं.

परत येताना टॅक्सीत ताईंनी विचारलं, "आईंना तुम्हीच सांगितलंत ना?"

"हो."

"आधी मला बोलायचं होतंत, मावशी. आता मी तुमच्या लेकीला फोन करू का? तुझी आई दिवसातून सहादा दात घासते म्हणून?"

सहादा. म्हणजे त्यांना माहीत होतं. त्या हसल्या. मला वर बघवेना.

आता महिना झाला, ताईंनी दोन्ही सोडलंय. ठरल्या दिवशी डॉक्टरीणबाईंकडे जातात. माझी डबी मात्र अजून पिठाच्या डब्यामागे आहे.

काल मी मिश्री लावून स्वयंपाकघरात उभी होते. बाहेर फोनवर आजींचा आवाज आला, "दे गं जरा तिला." ताई फोन घेऊन आत आल्या.

"काय गं, ओढत नाही ना आता ती? तुझं लक्ष आहे ना?"

मला म्हणायचं होतं, आजी, मला विचारू नका, मीही तेच करते. पण तोंड मिश्रीने भरलं होतं. मी नुसती मान हलवत उभी राहिले.

ताईंनी माझ्या ओठांकडे पाहिलं आणि फोन स्वतःकडे वळवला.

"आई, मावशींचे हात पिठाचे आहेत. मी बोलते ना तुमच्याशी."

आणि बोलता बोलता मला नळाकडे जायची खूण केली.