जुन्या विभागाचा बिल्ला

निवृत्तीनंतर माणसाने काय करावे, याबद्दल लोक न विचारता सल्ले देतात. मला हास्यक्लब सुचवण्यात आला. एकदा गेलो. हसण्यासारखे काही आढळले नाही. पुन्हा गेलो नाही.

त्याऐवजी लिनक्स शिकलो.

नाशिक रोडच्या सरकारी छापखान्यात माझी बहुतेक नोकरी दारावरच्या तपासणीत गेली. तिथला नियम साधा होता. माणूस कोण आहे हे विचारायचे नाही. त्याच्या छातीवर कोणत्या विभागाचा बिल्ला आहे आणि तो कोणत्या दारातून आत जाऊ पाहतो, एवढेच पाहायचे. शाईच्या विभागाचा माणूस कागदाच्या गोदामात जाणार नाही, मग तो मोठा साहेब का असेना. पुढे लिनक्समध्ये नेमके हेच करणारे सुरक्षा धोरण असते असे वाचनात आले. प्रत्येक प्रोग्रामला लेबल, प्रत्येक फाइलला लेबल. जुळले तर प्रवेश, न जुळल्यास नकार, आणि नकाराची नोंद वहीत. मला जुना सहकारी भेटल्यासारखे वाटले.

ओझरच्या पुढे आमचे गाव आहे. तिथल्या द्राक्ष बागायतदारांच्या गटाचा पत्रव्यवहार मी पाहतो. त्यासाठीचा मेल सर्व्हर माझ्या बाहेरच्या खोलीत असतो. दसऱ्याला पत्नी त्याला झेंडूचे फूल वाहते. मी हरकत घेत नाही, मात्र फूल पंख्याच्या जाळीवर ठेवू देत नाही. गटाच्या पत्त्यावर लॉटऱ्या, वजन घटवण्याची चूर्णे आणि परदेशी विधवांची वारसापत्रे फार येत. म्हणून मी स्पॅम फिल्टर बसवला आणि सर्व्हरला सक्त ताकीद दिली, की फिल्टरने तपासल्याखेरीज एकही पत्र आत घ्यायचे नाही. फिल्टर जागेवर नसेल तर पाठवणाऱ्याला नम्रपणे सांगायचे, थोड्या वेळाने या.

हा नियम मला फार आवडत असे.

त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास गटातली एक बाई स्कूटीवरून आली. चार एकर बाग, नवरा विमानाच्या कारखान्यात, बागेचे सगळे हिच्याकडे. माल निर्यातीचा. द्राक्षांत औषधाचा अंश किती राहिला आहे याचा प्रयोगशाळेचा अहवाल गटाच्या मेलवर येतो, आणि तो दाखवल्याशिवाय पॅकहाउस माल घेत नाही.

"आण्णा, रिपोर्ट आला का?"

"नाही."

"लॅबवाले म्हणत्यात काल संध्याकाळीच धाडला."

"मग येईल."

"कधी येईल? पेठची तोडणीची टोळी उद्या सकाळी माझ्याकडं हाय. मुकादमाला आज चारपर्यंत हो म्हणायचं. नाय म्हटलं तर तो पिंपळगावच्या बागंत जाणार, आन मग आठ दिवस फिरकणार नाय. आठ दिवसांत माझा माल लय पिकंल. मग एक्सपोर्ट नाय, बेदाणाच."

तिने हे रडत सांगितले नाही. खुर्ची ओढून बसली. चारपर्यंत उठणार नाही, हे त्या बसण्यातच होते.

मी सर्व्हर पाहिला. आदल्या दिवशी दुपारपासून एकही पत्र आलेले नव्हते. लॉटरीसुद्धा नाही. तेव्हा मला शंका आली. फिल्टर बंद पडला होता. सुरू केला. पडला. पुन्हा सुरू केला. पुन्हा पडला. बाहेर प्रयोगशाळेचे पत्र ताटकळत उभे होते आणि माझा सर्व्हर त्याला दर वेळी नम्रपणे सांगत होता, थोड्या वेळाने या.

"दुसऱ्या पत्त्यावर मागव ना रिपोर्ट," पत्नी स्वयंपाकघरातून म्हणाली.

"काकू, ते बी विचारलं. नोंदणीतला पत्ता बदलायला अर्ज लागतो. मग त्यांचे साहेब सही करणार. ते साहेब आज लग्नाला गेलेत."

प्रयोगशाळेबद्दल माझा आदर वाढला. तो बोलून दाखवण्याची ती वेळ नव्हती.

नकारांची वही उघडली. नोंद स्वच्छ होती. फिल्टर एक फाइल वाचायला गेला आणि सुरक्षा धोरणाने त्याला अडवले. ती फाइल मीच आदल्या दिवशी दुपारी तयार केली होती. प्रयोगशाळा, पॅकहाउस आणि व्यापारी यांचे पत्ते विश्वासू म्हणून नोंदवले होते, जेणेकरून त्यांची पत्रे चुकूनही कचऱ्यात जाऊ नयेत. फाइल योग्य फोल्डरमध्ये होती. मालकी बरोबर होती. वाचण्याची परवानगी सगळ्यांना होती. तरी नकार.

मी पुण्याच्या भाच्याला फोन केला. तो याच क्षेत्रात नोकरीला आहे. मी फोन स्पीकरवर ठेवला, ही चूक झाली.

"मामा, सोप्पं आहे. ती सिक्युरिटी बंद करून टाका."

"बंद?"

"अहो, सगळे तेच करतात."

"सगळे करतात हे कारण मी दारावर कधी ऐकून घेतले नाही."

"बरं, मग एक कमांड देतो. वहीतला नकार घेते आणि त्याचाच परवाना बनवून देते."

मी त्या परवान्याचा मसुदा वाचला. त्यानुसार फिल्टरला माझ्या घरच्या फोल्डरमधल्या सगळ्याच फाइली वाचण्याची मुभा मिळणार होती. पत्र तपासणाऱ्या शिपायाला घरातल्या कपाटांच्या किल्ल्या. मी नकार दिला.

बाई म्हणाली, "आण्णा, भाचा म्हणतोय तर करा की बंद. एक घंटाभर. रिपोर्ट आला की परत लावा."

"दार तासभरही उघडे राहत नसते."

"माझ्या बागंला दारच नाय. कोल्हा येतो, मोर येतो, शेजारी येतो. काय व्हतं?"

मी स्क्रीनकडे वळलो.

बारा वाजले. एक वाजला. पत्नीने तिला जेवायला वाढले. मला वाढले नाही. मी मागितलेही नाही. फिल्टर काढून पुन्हा बसवला, पडला. फाइलची परवानगी आणखी सैल केली, पडला. फाइलमधली प्रत्येक ओळ डोळ्यांत तेल घालून तपासली. एक स्वल्पविराम जास्त सापडला. तो काढला. फिल्टर पडला.

अडीचला बाईने मुकादमाला फोन लावला. "दादा, चारपर्यंत थांबा. हो, माहितीये. नाय, नक्की सांगते. आमच्याकडं एक आण्णा हायेत, ते कॉम्प्युटरवर बसलेत." पलीकडून काही विचारले गेले. "सकाळपासून," ती म्हणाली.

तिने फोन ठेवला. आलेले माणूस नुसते बसलेले पत्नीला सहन होत नाही. तिने पाहुणीची करमणूक म्हणून माझी छापखान्यातली गोष्ट काढली. ही गोष्ट मी घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगत आलो आहे. एक अधिकारी बदलून कागदाच्या गोदामात आला. पहिल्याच सकाळी तोऱ्यात आत निघाला. छातीवर मात्र जुन्याच विभागाचा बिल्ला. बदलीचा कागद हातात होता, पण कागद दाखवून दार उघडत नसते. जुना बिल्ला जमा करायचा, नवा घ्यायचा, मग आत. मी त्याला दोन तास बाहेरच्या बाकावर बसवले.

पत्नीने गोष्ट नीट सांगितली. एवढ्या वर्षांत तिला ती माझ्यापेक्षा चांगली येऊ लागली आहे. मग तिने डाळिंब सोलता सोलता पुढचे वाक्य जोडले.

"फक्त एक आहे गं. त्या गोष्टीतले अधिकारी म्हणजे हेच. अडवणारा शिपाई दुसराच होता."

बाईने माझ्याकडे पाहिले.

"बाकावर बसून उन्हात लालबुंद झाले होते. डबा तसाच परत आला त्या दिवशी. मी विचारलं तेव्हा एकदाच खरं सांगितलं, आणि पुढच्या आठवड्यात गोष्ट फिरली."

"अगं," मी म्हणालो.

"का, खोटं आहे?"

खोटे नव्हते. तेवीस-चोवीस वर्षांच्या त्या शिपायाचे तोंड मला अजून आठवते. त्याने मला सलाम केला होता, आणि मग अडवले होते.

पण त्या क्षणी मी त्याचा विचार करत नव्हतो. बदली झालेला, योग्य जागी पोहोचलेला, कागदपत्रे चोख असलेला, आणि छातीवर जुन्याच विभागाचा बिल्ला. मी फाइलचे लेबल पाहिले. सकाळपासून मी मालकी पाहिली होती, परवानगी पाहिली होती, मजकूर पाहिला होता. लेबल पाहिले नव्हते. त्यावर लिहिले होते, घरची फाइल.

ती फाइल मी माझ्या घरच्या फोल्डरमध्ये लिहिली आणि तिथून उचलून फिल्टरच्या फोल्डरमध्ये हलवली होती. नक्कल करून ठेवली असती तर नव्या जागेचे लेबल तिला आपोआप मिळाले असते. हलवलेली फाइल जुने लेबल घेऊनच येते. हे पुस्तकात आहे. त्या ओळीखाली मी स्वतः लाल रेघ मारली आहे.

लेबल नव्या जागेनुसार बदलण्याची कमांड एका ओळीची असते. दिली. फिल्टर सुरू केला. पडला नाही.

तीन वाजून पाच मिनिटे झाली होती.

"झालं?" बाई उठून उभी राहिली.

"फिल्टर चालू झाला. पत्र यायचे आहे. त्यांचे मशीन थोड्या थोड्या वेळाने आपण होऊन परत येते."

पहिले पत्र तीन-बाराला आले. परदेशी विधवेचे. फिल्टरने ते तत्काळ कचऱ्यात टाकले. बाईला पाहायचे होते, म्हणून दाखवले. तिने शेवटपर्यंत वाचले आणि म्हणाली, "बिचारी." नंतर दोन लॉटऱ्या आल्या, एक चूर्ण आले. आदल्या दुपारपासूनची सगळी गर्दी एकेक करून दारातून येत होती आणि फिल्टर प्रत्येकाला योग्य जागी पाठवत होता. एरवी मला हे पाहून समाधान वाटले असते. तीन-वीस झाले. तीन-तीस झाले. बाई मुकादमाचा नंबर काढून फोन हातात धरून उभी होती. पत्नी डाळिंबाची वाटी घेऊन दारात उभी होती. मीही उभा होतो, हे नंतर लक्षात आले.

तीन-एक्केचाळीसला प्रयोगशाळेचा अहवाल आला. विश्वासू पत्त्यांच्या यादीत नाव असल्याने सरळ आत. सगळे अंश मर्यादेच्या खाली.

"दादा," बाई फोनवर जवळपास ओरडलीच, "या उद्या! सहाला या! समदे या!"

मी अहवालाची प्रिंट काढून दिली. तिने घडी न घालता पिशवीत उभी ठेवली. दारापाशी चप्पल घालता घालता वळली.

"पर आण्णा, झालं काय व्हतं?"

पत्नी माझ्याकडे पाहत होती. बिघाडाला नावे पुष्कळ देता येतात, आणि तांत्रिक नावे दिली की माणसे पुढे विचारत नाहीत.

"माझी चूक," मी म्हणालो. "फाइल जुन्या बिल्ल्यावर आत पाठवली."

"मंजी तुमच्यावानीच की," असे म्हणून तिने स्कूटीला किक मारली.

पत्नीने मला जेवायला वाढले तेव्हा चार वाजून गेले होते. जेवण गार होते. ती समोर बसून राहिली.

"आता येणाऱ्या-जाणाऱ्यांना गोष्ट कशी सांगणार?" तिने विचारले.

"कोणती?"

"दोन्ही."

मी आमटी मागितली.