फ्लेक्सवरची डॉक्टर

माझा एम.ए.चा निकाल लागला आणि त्याच आठवड्यात आमच्या तेर गावच्या स्टँडवर माझा फ्लेक्स झळकला. लावला होता आमच्या धाकट्या चुलत्यांनी. काकांना फ्लेक्सचा भारी नाद. कुणाचा वाढदिवस असो, कुणी तलाठी होवो, कोपऱ्यात काकांचा हात जोडलेला फोटो पाहिजेच. माझ्या नावाआधी ठसठशीत 'डॉक्टर' लिहिलं होतं. फ्लेक्स छापणाऱ्यानं तर माझ्या पासपोर्ट फोटोला गळ्यात स्टेथोस्कोपसुद्धा चिकटवला होता. ते बघून मी कपाळावर हात मारला.

"काका, मी डॉक्टर न्हाय. सायकॉलॉजीत एम.ए. झालंय फक्त."

"मनाचंच शिकलीस न्हवं? मग झालं की! लोकांला एवढं कुठं कळतंय."

लोकांना कळत नाही हे खरं, पण आमच्या घरातही कुणाला कळत नव्हतं. सांगून सांगून माझं तोंड दुखलं. एम.ए.नंतर क्लिनिकलचा आणखी दोन वर्षांचा कोर्स असतो. त्याची प्रवेशपरीक्षा वेगळी, मुलाखत वेगळी, जागा मोजक्या. इस्पितळात खऱ्या रुग्णांसमोर बसायचं, आपलं कुठं चुकतंय ते वरिष्ठ बघणार, मग नोंदणी, आणि तेव्हा कुठं क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घेता येतं. गोळ्या तेव्हाही लिहायच्या नाहीतच, ते डॉक्टरांचं काम. एम.ए.ला मी नैराश्यावर पानंच्या पानं लिहिली होती, पण नैराश्य आलेल्या माणसासमोर एकदाही बसले नव्हते.

आणि मला पुण्याला जागा मिळाली होती! महिनाअखेर जाऊन प्रवेश घ्यायचा होता. फ्लेक्स लागायच्या आधी वडील कसेबसे तयार झाले होते. आता काका रोज संध्याकाळी येऊन एकच पालुपद लावायचे.

"पोरगी डॉक्टर झाली म्हणून गावभर सांगितलंय. आता परत शिकाया धाडली तर लोक काय म्हणतील? फसवलं म्हणतील!"

मी म्हटलं, फसवलंच आहे की! त्यावर काका आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. वाईट याचं वाटलं, की वडीलही हळूहळू "बघू, बघू" म्हणायला लागले. आमच्या घरात "बघू" म्हणजे नाही. तळपायाची आग मस्तकात जायची माझ्या. परीक्षा पास झाले मी, मुलाखत दिली मी, आणि एका प्लास्टिकच्या कापडासाठी सगळं सोडायचं?

वर पेशंट यायला लागले ते वेगळंच. कुणाचं पोरगं अभ्यास करत नाही, कुणाची झोप उडालेली. काका स्टँडवरून त्यांना थेट घरी घेऊन यायचे. मी प्रत्येकाला धाराशिवच्या सरकारी दवाखान्याचा पत्ता द्यायची, आणि आई आलेल्या माणसांना चहा करून करून वैतागायची.

एका रविवारी जवळच्या वाडीतली एक बाई आली. माझ्याच वयाची असेल. संगं नवरा आणि सासू. काका ऐटीत बाजेवर बसले, वडील दाराशी टेकले. मी बाईला विचारलं, "जेवण जातंय का?" सासू म्हणाली, "दोन घास बी खात न्हाय." मी विचारलं, "झोप?" नवरा म्हणाला, "न्हाय लागत." बाई जमिनीकडं बघत होती. मी म्हटलं, "जरा आम्हा दोघींनाच बसू द्या."

"आमच्यापसून काय लपवायचं?" सासू जागची हलली नाही. काकाही हलले नाहीत. पेशंटबरोबर अख्खं घर बसतं ही आमच्याकडची रीतच आहे.

शेवटी मीच तिच्याजवळ सरकले आणि हळू आवाजात विचारलं, "जगू नये असं वाटतं का कधी?" तिनं मान हलवली. होय म्हणून.

पुस्तकात पुढं काय लिहिलंय ते मला पाठ होतं. पण समोर बाई होती आणि तिच्यावर शिकून बघायचा मला अधिकार नव्हता. मी उठून उभी राहिले.

"हे बघा, मी डॉक्टर न्हाय. फ्लेक्सवर खोटं लिहिलंय. ह्यांना एकटं सोडू नका. उद्या थांबायचं न्हाय, आत्ताच्या एसटीनं धाराशिवला दवाखान्यात न्यायचं. मी येते संगं."

काकांचा चेहरा पडला. "चारचौघांत नाक कापलंस माझं," म्हणाले आणि चहा तसाच ठेवून निघून गेले. "बोर्डावर तर लिवलंय की," नवरा एवढंच पुटपुटला. सासू पदर सावरत उठली. मला वाटलं आता शिव्या बसणार.

बोलली ती बाई. आल्यापासून पहिल्यांदाच.

"तिथं गोळ्या देत्यात. बोलाया कुनी असतंय का?"

"फारसं न्हाय," मी खरं तेच सांगितलं. "डॉक्टरांनी गोळ्या दिल्या तर त्या घ्यायच्याच. पण निवांत बसून बोलणारं माणूस मिळंलच असं न्हाय."

"मग तुमी कवा व्हनार तसलं?"

मी तोंड उघडणार तोच दाराशी टेकलेले माझे वडील म्हणाले, "दोन वर्षं लागतील तिला. महिनाअखेर चाललीय पुण्याला."

इतक्या दिवसांची भांडणं, आणि हे असं एका वाक्यात! रडू येईल असं वाटलं मला. पण एसटी गाठायची होती. मी पिशवी उचलली, त्या बाईनं चप्पल पायात सरकवली, नवऱ्याच्या मागं उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "दोन वर्षं लई व्हत्यात, ताई."