खो ऐकू आला पाहिजे

सदाशिव वझलवार दिवसभर कारखान्यात वेल्डिंग करायचा आणि संध्याकाळी टाउनशिपच्या मैदानावर खो-खोचा पंच व्हायचा. हौस कसली, खूळच ते! दसऱ्याच्या सामन्यांत दोन्ही बाजूंच्या शिव्या खायच्या, वर घरी येऊन बायकोला, विमलला, नियम समजावायचे. "नुसता पाठीवर हात लावला म्हणजे खो होत नाही गं. हात लागला पाहिजे आणि 'खो' ऐकूही आला पाहिजे. नाहीतर फाऊल!"

"बरं बाबा, फाऊल तर फाऊल," ती पोळ्या लाटता लाटता म्हणायची.

पंच व्हायला नजर हवी, पायांत दम हवा आणि गेंड्याची कातडी हवी, असं तो सांगे. कानांचं नाव काढत नसे. वडिलांचे कान चाळिशीतच गेले होते, आणि आपलेही त्याच वाटेनं चाललेत हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण राष्ट्रीय पंचाची परीक्षा तोंडावर आलेली. त्या बिल्ल्यापायी अर्धं आयुष्य मैदानात घातलेलं. सांगणार कुठल्या तोंडानं?

प्रात्यक्षिक टाउनशिपच्याच मैदानावर ठरलं. इंदूरहून परीक्षक आले. मुलींचा सामना ऐन रंगात आला आणि सदाशिवनं शिट्टी फुंकली. "फाऊल! खो दिलाच नाही." जरा वेळानं पुन्हा, त्याच मुलीवर. कांचन तिचं नाव. अंगानं काडी, आवाज त्याहून बारीक. पोर रडकुंडीला आली. "काका, मैंने दिया ना! देवाशप्पथ, दिला हो!"

त्यानं पलीकडच्या पंचाकडे पाहिलं. त्या भल्या माणसानं मान खाली घातली. पंचाचा निर्णय अखेरचा. सदाशिव गप्प राहिला असता तर कोण काय बोलणार होतं? पण पोरगी बाहीनं डोळे पुसत होती, ते त्याच्यानं बघवेना. गळ्यातली शिट्टी काढून त्यानं परीक्षकांच्या हातात ठेवली.

"साहेब, पोरीनं खो दिला असणार. मलाच ऐकू येत नाही."

बिल्ला गेला. घरी येऊन तो ढसाढसा रडला, आणि मैदानाकडे पुन्हा फिरकला नाही.

आता संध्याकाळी तो अंगणात पाठमोरा बसून असतो. हाका मारून मारून विमलचा घसा सुकतो. मग ती बाहेर येते, त्याच्या पाठीवर हात ठेवते आणि म्हणते, "खो! चला, पान वाढलंय."

त्याला फक्त हात कळतो. नियमानं तो फाऊलच.

सदाशिव मुकाट्यानं उठतो.